देणगी आणि पाटी

सोलापुरात ज्याचा जन्म गेला त्याला डी. बी. एफ. दयानंद महाविद्यालय कोठे आहे हे सांगावे लागत नाही. परंतु या तीन अक्षरांचा अर्थ काय, असे त्यालाच विचारले तर तो क्षणभर घुटमळेल. दमाणी भैरुरतन फतेचंद, हा तो अर्थ. त्याच संस्थेच्या विधि महाविद्यालयाची अक्षरे डी. जी. बी., म्हणजे दमाणी गोपाबाई भैरुरतन. अध्यापक महाविद्यालयाची डी. पी. बी., म्हणजे दमाणी प्रेमरतन भैरुरतन. एकाच घराण्यातील तीन नावे महर्षी दयानंदांच्या नावाआधी बसली आहेत, आणि रोज हजारो तोंडांतून उच्चारली जात असूनही ती कोणाला फारशी ऐकू येत नाहीत. ह. दे. प्रशाला म्हणताना हरिभाई देवकरण किती जणांना आठवतात? हि. ने. वाचनालयात वर्तमानपत्र वाचीत बसणाऱ्या किती वाचकांना ठाऊक असते की, हिराचंद नेमचंद हे जैन समाजातील सुधारक होते आणि 'जैन बोधक' हे पत्र याच गावातून निघाले? त्यांच्या घरात जन्मलेल्या वालचंदांचे नाव तेवढे अजून पुरते ऐकू येते; कारण त्या माणसाने जहाजे, विमाने आणि मोटारी या तिन्हींच्या कारखानदारीत हात घातला होता.

एवढ्यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. धनिकाचे नाव शिक्षणसंस्थेला देण्याची चाल आपल्याकडे नवी नाही, परकी तर मुळीच नाही. आजचा प्रश्न मात्र थोडा निराळा आहे. सरकारी अनुदान पुरत नाही, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, प्रयोगशाळांतील उपकरणे जुनी होतात. तेव्हा विद्यापीठांनी आपण होऊन धनिकांपुढे जावे आणि 'एवढी रक्कम द्या, आम्ही तुमचे नाव देतो' असे म्हणावे की काय? अमेरिकेत अनेक विद्यापीठे असे उघड म्हणतात. सभागृहाला इतके, प्रयोगशाळेला इतके, बागेतल्या बाकाला इतके, अशी दरपत्रकेच तेथे तयार असतात. आपल्याकडेही हे लोण पोचू लागले आहे. मुंबईच्या आय. आय. टी.त व्यवस्थापनशास्त्राची शाळा शैलेश मेहता यांच्या नावाने चालते, आणि माहिती तंत्रज्ञानाची शाळा कंवल रेखी यांच्या नावाने निघाली होती. दोघेही त्याच संस्थेचे जुने विद्यार्थी. म्हणून या प्रश्नाचा विचार भावनेच्या भरात न करता थोडा हिशेबाने करावा, असे आम्हांस वाटते.

आरंभ आपल्याच जिल्ह्यापासून करू. पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळात चौऱ्यांशीचा म्हणून एक शिलालेख आहे. चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून भाविक त्या शिळेला पाठ घाशीत आले, आणि त्यामुळे तिच्यावरील अक्षरे झिजली. ज्या अक्षरांना लोक पाठ घाशीत होते ती होती कसली? देणगीदारांची यादी! शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ या काळात देवळाला कोणी काय दिले, याची ती नोंद आहे. तीत रामदेवराव यादव आहे, त्याचा मंत्री हेमाद्री आहे, आणि साधेसुधे लोकही आहेत. साडेसातशे वर्षांपूर्वीचा हा देणगीफलक. त्यात एक मोठे शहाणपण आहे, ते असे की, यादीत राजाचेही नाव आहे, पण देऊळ मात्र विठ्ठलाचेच राहिले. दात्याची नोंद करणे निराळे आणि वास्तूलाच दात्याचे नाव देणे निराळे. हा भेद पुढे वारंवार उपयोगी पडणार आहे.

त्याच देवळाच्या दाराशी नामदेवाची पायरी आहे. आपले नाव कोठे असावे, याबद्दल त्या भक्ताची कल्पना काय होती हे सर्वांना माहीत आहेच. पण विद्यापीठाला देणगी देणारा प्रत्येक गृहस्थ नामदेव असावा, अशी अपेक्षा धरणे हा व्यवहार नव्हे. माणसाला नावाची हौस असते. ती हौस लोकांच्या कामी लावता आली तर लावावी की नाही, एवढाच प्रश्न आहे.

ती कामी लावल्याचे सर्वांत मोठे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती, आणि असे काही आपल्याकडे व्हावे हा ध्यास त्यांनी घेतला होता. हिंगण्याच्या माळावरील झोपडीत विधवांचा आश्रम चालविणाऱ्या या माणसाजवळ पैसा कोठून असणार? स्वतःच्या विम्याचे पाच हजारसुद्धा त्यांनी पूर्वीच आश्रमाला देऊन टाकले होते. रुपया-दोन रुपयांच्या वर्गण्या गोळा करीत ते गावोगाव हिंडत. सरकारची मान्यता नाही, पदवीला बाजारात किंमत नाही, शिकविण्याचे माध्यम मातृभाषा. असे हे विद्यापीठ चार वर्षे कसेबसे तगले. १९२० साली मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला पंधरा लाखांची देणगी दिली. साडेतीन टक्के व्याजाने तिचे वर्षाला ५२,५०० रुपये होत. विद्यापीठाला विठ्ठलदासांच्या मातोश्रींचे नाव मिळाले: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी.

आज ज्याला आपण एस. एन. डी. टी. म्हणतो ते हे विद्यापीठ. येथे जाता जाता एक गंमत सांगतो. या चार अक्षरांतले पहिले 'श्रीमती'चे, तिसरे नवऱ्याचे, चौथे घराण्याचे. त्या माउलीच्या स्वतःच्या वाट्याला चारांतले एकच अक्षर आले. स्त्रियांच्या विद्यापीठाच्या नावातसुद्धा हे असे व्हावे, याचे आम्हांस नेहमीच नवल वाटते.

असो. मुद्दा हा की, तो सौदा कर्व्यांनी केला, आणि आमच्या मते योग्य केला. त्यांना स्वतःचे नाव नको होते. होते ते चालू राहायला हवे होते. ठाकरशांचे नाव नाकारून विद्यापीठ मरू देणे यात कोणताही पुरुषार्थ नव्हता. नाव गेले म्हणून विद्यापीठाचा आत्मा गेला नाही. स्त्रियांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या परिस्थितीला धरून उच्च शिक्षण द्यायचे, हा हेतू टिकला. पुढे १९४९ साली मुंबई सरकारने कायदा करून त्याला मान्यता देऊ केली. धनिकांच्या नावाला विरोध करणाऱ्यांनी या उदाहरणाला प्रथम उत्तर दिले पाहिजे. ते न देता 'ज्ञानाचा बाजार' वगैरे शब्द वापरणे सोपे आहे.

परंतु याच उदाहरणात दुसरी बाजूही दडलेली आहे, आणि ती आकड्यांनी दिसते. १९२० साली ५२,५०० रुपये ही एका विद्यापीठाला वर्षभर जगविणारी रक्कम होती. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे महाविद्यालयात नव्याने लागणाऱ्या सहायक प्राध्यापकाचे नुसते मूळ वेतन महिन्याला ५७,७०० रुपये ठरले. म्हणजे जी रक्कम वर्षभर विद्यापीठ पोशीत होती, तिच्यात आज एका नवख्या मास्तराचा एक महिनाही भागत नाही. पैसा आटला, नाव राहिले. ठाकरशांच्या बाबतीत याची तक्रार करण्याचे कारण नाही. त्यांनी संस्थेला तिच्या सर्वांत कठीण काळी हात दिला, आणि त्या हाताची किंमत व्याजाच्या दराने मोजता येत नाही. पण आजचा दाता जेव्हा 'यावच्चंद्रदिवाकरौ' नाव मागतो, तेव्हा हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे. एकदा दिलेल्या रकमेच्या मोबदल्यात कायमचे नाव देणे, हा व्यवहार कोणत्याही सोलापुरी व्यापाऱ्याला वहीत मांडून दाखवावा, तो हसेल.

या आधीची उदाहरणे पाहिली तर नाव आणि रक्कम यांचे नाते कधीच सरळ नव्हते असे दिसते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाला गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी दिले बाराशे रुपये. बाराशे रुपयांत त्या काळीही महाविद्यालय उभे राहत नव्हते. तेथे नाव दिले गेले ते राजकृपेच्या छत्राला. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली 'न्यू इंजिनिअरिंग कॉलेज' म्हणून निघाले आणि १९५५ साली वालचंदांच्या स्मरणार्थ देणगी मिळाल्यावर त्याचे वालचंद महाविद्यालय झाले. सोलापूरच्या सुपुत्राचे नाव सांगलीने मिरवावे, यात आपल्याला आनंदच आहे. पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयाचे नाव ऐकून पुष्कळांना ते प्रदेशवाचक वाटते. वस्तुतः ते बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटच्या देणगीवरून पडले, आणि त्या सिंडिकेटचा कारखाना आपल्या माळशिरस तालुक्यात श्रीपूरला. म्हणजे आपल्या उसाच्या रसावर पुण्याची वाणिज्य शाखा पोसली गेली. या नावात जाहिरात होती खरी, पण ती इतकी चतुर की शंभरांतल्या एकालाही कळत नाही.

मुंबई विद्यापीठाचे उदाहरण सर्वांत बोधक. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व शेअरांच्या व्यापाऱ्याने १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये विद्यापीठाला दिले. मनोऱ्याला आईचे, राजाबाईचे, नाव द्यावे अशी त्याची इच्छा होती. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद पडला होता, आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडत होता. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, बँका बुडाल्या, हजारो कुटुंबे देशोधडीला लागली, आणि प्रेमचंदही बुडाला. मनोरा मात्र १८७८ साली पुरा झाला आणि आजही उभा आहे. ज्या सट्ट्यात मुंबई बुडाली त्याच सट्ट्याच्या पैशाचा तो मनोरा, असे कोणी म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. आणि त्याच्या सावलीत पिढ्यानुपिढ्या विद्यार्थी पदवीधर झाले, हेही खोटे नाही. ध्यानात घ्यायची गोष्ट ही की, विद्यापीठाने मनोऱ्याला राजाबाईचे नाव दिले, ग्रंथालयाशी प्रेमचंदाचे नाव जोडले, पण विद्यापीठ मुंबईचेच ठेवले. पंढरपूरच्या शिळेची रीत ती हीच.

येथे कर्मवीर भाऊराव पाटलांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. साताऱ्याला १९४७ साली त्यांनी छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले. एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, अट एवढीच की, नाव त्याचे द्यावे. तेव्हा कर्मवीर म्हणाले की, एक वेळ मी माझ्या बापाचे नाव बदलीन, पण महाराजांचे बदलणार नाही. अशी हकीकत रयतच्या मंडळींत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. आम्हांस ही हकीकत आवडते, पण ती कर्व्यांच्या विरुद्ध पुरावा म्हणून वापरणे बरोबर नव्हे. कर्व्यांच्या विद्यापीठाला तोवर कोणाचे नावच नव्हते. भाऊरावांच्या महाविद्यालयाला होते, आणि ते काढून दुसरे घालायचे होते. रिकाम्या जागी नाव देणे आणि असलेले पुसून दुसरे लिहिणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शिवाय भाऊरावांच्या संस्थेची खरी पहिली देणगीदार कोण? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी अंगावरचे सोने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्यांनी पाटी मागितली नाही. आज आपल्या सोलापुरात रयतचे महिला महाविद्यालय आहे, त्याचे नाव लक्ष्मीबाई भाऊराव पाटील. विकत घेतलेल्या आणि कमावलेल्या नावांतला फरक समजून घ्यायचा असेल त्याने त्या दारावरून एकदा जाऊन यावे.

दुसऱ्याला नाव देणारे दातेही असतात. साताऱ्याचे रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली पुण्यात अर्थशास्त्राची संस्था निघाली. काळे यांनी तिला स्वतःचे नाव दिले नाही. नामदार गोखल्यांचे दिले. पुढे धनंजयराव गाडगिळांनी त्या संस्थेत जे काम केले त्यात आपल्या गावाचा आर्थिक-सामाजिक अभ्यासही आहे. 'शोलापूर सिटी' हा त्यांचा ग्रंथ १९६५ साली निघाला. म्हणजे काळ्यांच्या पैशाने सोलापूरला स्वतःचे तोंड आरशात दाखविले. काळ्यांची स्मृती संस्थेने त्यांच्या नावाच्या व्याख्यानातून जतन केली. आम्हांस विचाराल तर पाटीपेक्षा व्याख्यान बरे. पाटीवर धूळ बसते, व्याख्यानासाठी वर्षातून एकदा तरी खुर्च्या पुसाव्या लागतात. आणि जमशेटजी टाटा? बंगळूरच्या विज्ञानसंस्थेच्या नावात टाटा हा शब्दच नाही. ती १९०९ साली 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स' म्हणून स्थापन झाली. तरी बंगळूरचे जुने लोक तिला टाटा इन्स्टिट्यूटच म्हणतात. नाव न लावता मिळाले.

अलीकडचे म्हणाल तर २०२३ साली नंदन निलेकणी यांनी मुंबईच्या आय. आय. टी.ला ३१५ कोटी रुपये दिले. संस्थेच्या नावात त्यामुळे काही फरक पडला नाही.

आता थोडे सात समुद्रापलीकडे पाहू. तेथील रोकड्या व्यवहारातून आपल्याला शिकण्यासारखे आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे नाव एलिहू येलवरून पडले. हा गृहस्थ कंपनी सरकारचा मद्रासचा गव्हर्नर होता. खाजगी व्यापारात हात धुऊन घेतल्याच्या आरोपावरून १६९२ साली त्याला त्या जागेवरून दूर व्हावे लागले. १७१८ साली त्याने त्या लहानशा महाविद्यालयाला मालाचे नऊ गठ्ठे, चारशेसतरा ग्रंथ आणि राजाची एक तसबीर पाठविली. तो माल विकून पाचशेसाठ-एक पौंड आले. जगातील पहिल्या रांगेतल्या विद्यापीठाचे नाव इतक्या स्वस्तात गेले, आणि त्या श्रीमंतीत मद्रास किनाऱ्यावरच्या व्यापाराचा मोठा वाटा होता. विणकरांच्या गावाला ही गोष्ट सांगताना आम्हांस थोडा संकोच होतो. आमच्या लोकांच्या घामाचे नाव कोठेच नाही.

न्यूयॉर्क राज्यातील पॉल स्मिथ्स महाविद्यालयाला २०१५ साली एका बाईंनी दोन कोटी डॉलर देऊ केले. अट, त्यांचे नाव आधी जोडावे. महाविद्यालय तयार होते. न्यायालयाने नाही म्हटले, कारण मूळ दात्याने मृत्युपत्रात नाव कायमचे राहावे असे लिहून ठेवले होते. पैसे गेले. टफ्ट्स विद्यापीठाने २०१९ साली आपल्या वैद्यकीय शाखेच्या इमारतींवरून सॅकलर कुटुंबाचे नाव काढून टाकले; त्या घराण्यातील मंडळींच्या कंपनीने खपविलेल्या वेदनाशामक औषधाने असंख्य लोक व्यसनी झाले, हे तोवर जगजाहीर झाले होते, आणि तेथील विद्यार्थ्यांना त्या नावाच्या दारातून आत जाऊन वैद्यक शिकणे असह्य झाले होते. कायमचे दिलेले नाव हात बांधते. घाईने घेतलेले नाव तोंड काळे करते.

आता आपल्या विद्यापीठाकडे वळू. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी, केवळ एका जिल्ह्यासाठी, स्थापन झाले. २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. हे नाव पैशाने आले नाही. लोकांच्या मागणीने आणि कायद्यातील दुरुस्तीने आले. त्यापूर्वी या प्रश्नावर गावात मतभेद होऊन गेले, ते आपण पाहिलेच आहेत. मराठवाड्यात तर विद्यापीठाच्या नामांतरासाठी लोकांनी प्राण दिले; १९७८ साली विधिमंडळाने ठराव केला, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली. ज्या प्रांतात विद्यापीठाच्या नावासाठी घरे जळाली, त्या प्रांतात ते नाव विक्रीस काढण्याची कल्पनाच कोणी करू नये. येथे विद्यापीठाचे नाव म्हणजे समाजाला मिळालेला मान असतो. तो कोणाच्या चेकबुकात बसत नाही. अहिल्यादेवी स्वतः केवढ्या दानशूर! काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, धर्मशाळा, विहिरी त्यांनी बांधल्या. तेव्हा त्यांच्या नावाच्या विद्यापीठाला दानाचे वावडे असण्याचे कारण नाही.

म्हणून आमचे मत असे. विद्यापीठाचे नाव, आणि ज्या महाविद्यालयांना आधीच नाव आहे त्यांचे नाव, कोणत्याही किमतीला देऊ नये. परंतु केगावच्या आवारात उद्या नवे ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, अध्यासन, शिष्यवृत्ती यांसाठी कोणी भरीव रक्कम घेऊन आला, तर त्याचे नाव देण्यास लाजू नये. यंत्रमागावर आणि चादरी-टॉवेलांवर घर चालविणाऱ्या या गावात वस्त्रशास्त्राचे एखादे अध्यासन कोणा कारखानदाराच्या आजोबांच्या नावाने निघाले, तर आमची हरकत का असावी?

हरकत दुसऱ्याच गोष्टींना आहे. पहिली ही की, दात्याला इमारत आवडते, खर्च आवडत नाही. कोनशिला बसते, फीत कापली जाते, छायाचित्र निघते. पुढे वीस वर्षे त्या इमारतीचे वीजबिल, तिच्यातला शिपाई, गळके छत हे सर्व विद्यापीठाच्या, म्हणजे लोकांच्या, माथी. म्हणून इमारतीसाठी रक्कम घेताना तिच्या देखभालीचा निधीही त्याच वेळी घ्यावा; तो देण्याची तयारी नसेल तर नाव देऊ नये. दुसरी ही की, लोकप्रिय विषयांनाच दाते मिळतात. संगणकाला मिळतो, व्यवस्थापनाला मिळतो. पण या गावात मराठीच्या बरोबरीने बोलल्या जाणाऱ्या तेलुगू आणि कन्नडला, किंवा गिरण्या बंद पडल्यानंतर कामगारांचे काय झाले याच्या अभ्यासाला, कोण देणार? विद्यापीठाने आपला अभ्यासक्रम देणग्यांच्या वाऱ्यावर सोडला तर दहा वर्षांत तेथे फक्त विकाऊ विद्या शिल्लक राहतील. यावर एक तोड आहे: प्रत्येक मोठ्या नामांकित देणगीतील ठरावीक वाटा ज्यांना दाता नाही अशा विषयांसाठी वेगळा काढावा, आणि हे दात्याला आधीच सांगावे. खऱ्या दात्याला ते खटकणार नाही.

तिसरी हरकत थोडी नाजूक आहे. आपण ज्याला दान म्हणतो त्यात इतरांचाही वाटा असतो. जुन्या पद्धतीने कर भरणाऱ्या आणि तीस टक्क्यांच्या टप्प्यातील एखाद्या गृहस्थाने एक कोटी दिले आणि त्यातील निम्म्या रकमेवर सूट मिळाली, तर त्याचे पंधरा लाख करापोटी वाचतात. ते पंधरा लाख सरकारी तिजोरीने, म्हणजे तुम्ही-आम्ही, घातले. मोठ्या कंपन्यांना तर २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला खर्च करावेच लागतात. कायद्याने करावा लागणारा खर्च आणि कर्णाचे दान यांना एकच शब्द वापरणे, ही मराठी भाषेवर जबरदस्ती आहे. आणि अनुदानित महाविद्यालयांत तर शिक्षकांचे पगार वर्षानुवर्षे राज्याच्या तिजोरीतून होतात. दात्याने एकदा दिले, जनता दरमहा देते; पाटीवर नाव कोणाचे? आम्ही दात्याची पाटी काढा असे म्हणत नाही. त्याच पाटीवर खाली एक ओळ असावी, की या संस्थेचे वेतन महाराष्ट्रातील जनतेच्या करातून होते. विद्यार्थ्याला ते वाचू द्यावे.

नावाला मुदत असावी हे वर आलेच. तीस वर्षे पुष्कळ झाली. एक पिढी शिकून जाते. पुढे वंशजांना वाटले तर नव्याने भर घालावी. गंभीर गुन्हा शाबीत झाल्यास नाव काढण्याचा अधिकार विद्यापीठाकडे राहावा आणि रक्कम परत मागता येऊ नये. नेमणुका, प्रवेश, परीक्षा, संशोधनाचे निष्कर्ष यांत दात्याला चकार शब्द नको. काही कुलगुरू म्हणतील, इतक्या अटी घातल्या तर देईल कोण? आम्ही उलट विचारतो: नोकरभरतीत हात घालता येणार नाही म्हटल्याबरोबर जो पाठ फिरवतो, तो द्यायला आला होता की घ्यायला?

सोलापुरात आणखी एक नाव आहे, त्याचा उल्लेख राहिला. वालचंद महाविद्यालय, हिराचंद नेमचंद वाणिज्य महाविद्यालय, वालचंद तंत्रशास्त्र संस्था ही सर्व ज्या एका छत्राखाली चालतात, त्या संस्थेचे नाव श्री ऐल्लक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळा. ऐल्लक म्हणजे एका लंगोटीखेरीज काही न बाळगणारा त्यागी. लक्षाधीशांची नावे महाविद्यालयांवर आणि त्या सर्वांच्या वर लंगोटीवाल्याचे. ही मांडणी कोणी ठरवून केली की आपोआप झाली ते असो, पण नावांचा क्रम कसा लावावा हे या गावातील व्यापाऱ्यांना कळत होते.

राहता राहिले ते हे की, या गोष्टी ठरवणार कोण. विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. २०१६ च्या कायद्यात तशी तरतूद आहे. देणगीचे करारपत्र मराठीत असावे, ते अधिसभेपुढे यावे, रकमेसह व अटींसह सर्वांना वाचावयास मिळावे, असा ठराव हे प्रतिनिधी आणू शकतात. त्यासाठी आधी पदवीधरांनी मतदार म्हणून आपली नावे नोंदवावी लागतात. या सभागृहात जे पदवीधर बसले आहेत, त्यांपैकी कितींनी ती नोंदवली आहेत?